ग्रंथकाराचे देणे

ग्रंथकाराने दुकान मांडावे की मांडू नये, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा विचारलाच जात नाही. त्याचे उत्तर प्रत्येकाच्या मनात आधीच ठरून गेलेले असते. ज्याने सरस्वतीची उपासना करावयाची त्याने लक्ष्मीच्या दाराशी उभे राहू नये, आणि राहिलाच तर निदान तराजू हातात घेऊन राहू नये, असा एक समज सुशिक्षित कुटुंबांतून रूढ आहे. पुस्तक विकत न घेता शेजाऱ्याकडून मागून आणून वाचणारे गृहस्थही ग्रंथकाराच्या निर्लोभीपणाविषयी फार दक्ष असतात, ही गोष्ट आमच्या अनेकदा अनुभवास आली आहे. वस्तुतः आपल्या वाङ्मयाचा इतिहास या समजाला फारसा अनुकूल नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली, आणि बत्तीस वर्षेही पुरी न झालेल्या आयुष्यात शाळा, छापखाना, वर्तमानपत्रे, चित्रशाळा व पुस्तकांचे दुकान इतके उद्योग अंगावर घेतले. तेव्हा दुकानाने लेखणी बाटते हे मत आम्हांस मान्य नाही. परंतु दुकानाबरोबर हिशेब येतो, हिशेबाबरोबर देणे येते, आणि देण्याबरोबर एक नैतिक प्रश्न येतो. त्याकडे मात्र जितके लक्ष जावयास पाहिजे तितके जात नाही. तो प्रश्न असा, की ज्याच्या नावावर लोकांनी विश्वास टाकला त्याची जबाबदारी कायदा जेथे संपला म्हणतो तेथे खरोखर संपते काय?

या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एखाद्या चरित्राच्या आधाराने करणे आम्हांस अधिक बरे वाटते. त्यासाठी आम्ही मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदकाराची निवड केली आहे. कारण ग्रंथकार, प्रकाशक आणि व्यासपीठावरचा व वर्तमानपत्रांतला लोकप्रिय पुरुष या तीनही भूमिका त्याने एकाच जन्मात केल्या, आणि तिन्हींचा जमाखर्च अखेर एकाच वहीत येऊन पडला.

त्याचे खरे नाव सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म १८३५ साली मिसूरी प्रांतात. १८४७ साली वडील वारल्यावर हा मुलगा छापखान्यात खिळे जुळवावयास शिकला. पुढे मिसिसिपी नदीवर आगबोटीचा वाटाड्या झाला. १८६१ च्या यादवी युद्धाने तो धंदा बसल्यावर नेव्हाडात जाऊन वर्तमानपत्रात लिहू लागला. ‘मार्क ट्वेन’ हे नाव त्याने १८६३ साली घेतले. नदीचे पाणी दोन वाव, म्हणजे बारा फूट, खोल असल्याची ती खलाशांची आरोळी होय. बोट निर्धास्त पुढे न्यावी असा तिचा अर्थ. या नावाच्या धन्याने पुढे आपली बोट कोणत्या उथळ पाण्यात घातली ते पाहिले म्हणजे विनोद कधी कधी विनोदकारावरच उलटतो असे म्हणावे लागते.

त्याची पुस्तके त्या काळच्या अमेरिकेत वर्गणीदार पद्धतीने खपत. पुस्तक छापण्यापूर्वी फिरते विक्रेते नमुन्याची पाने घेऊन खेडोपाडी दारोदार जात आणि मागण्या नोंदवीत. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांच्या आरंभी आश्रयदात्यांच्या याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस ही पद्धत परकी वाटणार नाही. ट्वेनचा खप प्रचंड होता. परंतु प्रकाशक आपल्याला हिशेबात फसवीत आहे हा संशय त्याच्या मनात घर करून बसला होता. अखेर १८८४ साली त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. संस्थेस स्वतःचे नाव मात्र दिले नाही. भाचजावई चार्ल्स वेब्स्टर यास पुढे करून ‘चार्ल्स एल. वेब्स्टर आणि कंपनी’ असे नाव दिले. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे. ‘हकलबरी फिन’ ही जगप्रसिद्ध कादंबरी या संस्थेचे पहिले पुस्तक.

लेखक प्रकाशक झाल्याने काय चांगले होऊ शकते याचा या संस्थेने घालून दिलेला धडा मोठा आहे. यादवी युद्धातील सेनापती व माजी अध्यक्ष जनरल ग्रँट हा १८८४ साली भागीदाराच्या लबाडीने कफल्लक झाला होता आणि त्यास घशाचा कर्करोग जडला होता. बायकामुलांची सोय लागावी म्हणून तो आठवणी लिहू लागला. एक प्रतिष्ठित मासिक त्यास शेकडा दहा हक्क देऊ करीत होते, आणि सैन्यात नाव मिळविलेल्या त्या भोळ्या गृहस्थास ते पुरेसे वाटत होते. ट्वेनने त्यास सांगितले की हा व्यवहार तुझ्या नुकसानीचा आहे, आणि निव्वळ नफ्याचा शेकडा सत्तर हिस्सा देण्याचा करार केला. ग्रँटने मरणाच्या दारात बसून ग्रंथ पुरा केला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी, प्राण सोडला. तीन लाखांवर संच खपले. १८८६ च्या फेब्रुवारीत त्याच्या विधवेच्या हाती दोन लाख डॉलरांचा पहिला धनादेश पडला. एकंदर रक्कम चार लाखांच्या वर गेली. ग्रंथकाराच्या कष्टांची किंमत ग्रंथकारालाच अधिक कळते असे जे म्हणतात, त्यांस याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

परंतु या यशाने ट्वेनची दृष्टी फिरली. प्रत्येक पुस्तक ग्रँटच्या आठवणींसारखे खपेल असा त्याचा ग्रह झाला. तेरावे लिओ पोप यांचे चरित्र प्रत्येक कॅथलिक घरात जाईल म्हणून मोठ्या आशेने १८८७ साली काढले. आशा फळास आली नाही. (या प्रकरणात पोपकडून मानाची पदवी मिळाली ती वेब्स्टरला, कंपनीला तोटा मिळाला.) अमेरिकन वाङ्मयाच्या वेच्यांचे अकरा खंड हप्त्याहप्त्याने विकावयास घेतले, पुस्तके आधी जात व पैसे मागाहून येत, त्यामुळे जितका खप अधिक तितकी भांडवलाची ओढ अधिक, अशी चमत्कारिक स्थिती झाली. यात भर पडली ती पेज नावाच्या कारागिराच्या यंत्राची. खिळे आपोआप जुळविणाऱ्या या यंत्राचे सुमारे अठरा हजार भाग होते. ते चालले म्हणजे पाहणारा थक्क होई, परंतु बहुधा ते चालत नसे. १८८६ साली न्यू यॉर्क ट्रिब्यूनच्या छापखान्यात लायनोटाइप यंत्र सुरू झाले तेव्हाच शहाण्याने सावध व्हावयाचे. पण लहानपणी स्वतःच्या बोटांनी एकेक खिळा उचललेल्या या माणसाला त्या यंत्राची जी भूल पडली ती उतरेना. दीड लाखाहून अधिक डॉलर त्याने त्यात घातले. या वेडाबद्दल आम्ही त्यास हसू शकत नाही. ज्याने बालपणी जे कष्ट उपसले ते नाहीसे करणारे यंत्र त्याला दिसले, तर तो हिशेब विसरणारच.

१८९३ साली अमेरिकेत आर्थिक हाहाकार उडाला आणि १८ एप्रिल १८९४ रोजी संस्थेचे दिवाळे निघाले. बाहेरचे देणे सुमारे ऐंशी हजार डॉलर; धनकोंत बँक, कागदवाले, छापणारे, बांधणारे असे लहानमोठे सर्व. या संकटात त्याच्या मदतीस आला तो हेन्री रॉजर्स, स्टँडर्ड ऑइल कंपनीचा एक कर्ता पुरुष, व्यापारात दयामाया न जाणणारा म्हणून प्रसिद्ध. त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की ट्वेनच्या पत्नीचे जे साठ हजारांच्या आसपास कंपनीकडे गुंतले होते त्यांच्यापोटी ग्रंथांचे सर्व हक्क तिच्या नावे करून घेतले. बहुतेक धनको रुपयास आठ आणे घेऊन पावती द्यावयास तयार होते, आणि ती पावती कायद्याने पूर्ण मुक्तता देणारी होती. ट्वेनने ठरविले, की रुपयास सोळा आणे द्यावयाचे. या निश्चयात पत्नी ऑलिव्हिया हिचा वाटा नवऱ्याइतकाच, किंबहुना अधिक होता.

येथे दोन्ही बाजूंनी बोलण्यास जागा आहे. पहिली शंका हक्कांच्या हस्तांतराविषयी. धनकोंच्या हाती लागण्यासारखी जी एकच मौल्यवान जिंदगी ती बायकोच्या नावे करावयाची आणि मग आपण सर्व फेडू म्हणावयाचे, यात सचोटी कोणती, असे कोणीही विचारील. आपल्याकडे नादारीचा अर्ज देण्यापूर्वी घर व दागिने बायकोच्या नावे होतात हे कोणास ठाऊक नाही? परंतु हेतू व परिणाम यांवरून पाहता आम्हांस येथे फरक दिसतो. पडत्या काळात ते हक्क विकले असते तर मातीमोलाने गेले असते, आणि फेडण्याचे साधनच हातचे गेले असते. तरीही हे समर्थन फेड झाल्यावरच खरे ठरले, आधी नव्हे. १८९४ साली ज्याने शंका घेतली त्यास आम्ही क्षुद्र म्हणणार नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. व्यापारात जो उसने देतो तो धोका जाणून देतो. व्याजात त्या धोक्याची किंमत धरलेलीच असते. मग बुडालेल्यास निम्म्यावर सोडणारा कायदा हा दयेचा नव्हे तर न्यायाचाच कायदा आहे. त्यापुढे जाऊन देणे हे औदार्य होईल, कर्तव्य कसे? सर्वसाधारण व्यापाऱ्याच्या बाबतीत आम्ही हा युक्तिवाद मान्य करू. पण ट्वेनची गोष्ट वेगळी होती. पाटीवर नाव वेब्स्टरचे असले तरी बँकेने व कागदवाल्यांनी जे उधार दिले ते वेब्स्टरकडे पाहून दिले नव्हते. पाटीमागे कोण आहे हे सर्वांस माहीत होते. दुकानाचे भांडवल पैशात थोडे आणि नावात फार होते. ज्या नावाने पत मिळविली त्याने देण्याच्या दिवशी पाटी पुढे करणे हे कायद्यास चालेल, आमच्या मते नीतीस चालू नये. सर वॉल्टर स्कॉटचाही प्रसंग असाच. बॅलंटाइनच्या छापखान्यात आपली भागी आहे हे त्याने जगापासून लपविले. १८२६ साली सर्व कोसळले तेव्हा लाखाहून अधिक पौंडांचे देणे त्याने दिवाळखोरी न पत्करता लेखणीने फेडण्याचे मनावर घेतले, आणि १८३२ साली त्यातच त्याची जीवनयात्रा संपली. राहिलेले देणे पुढे त्याच्या ग्रंथांच्या हक्कांतून फिटले. दोघांनीही दुकानाला दुसऱ्याचे नाव दिले आणि देण्याला मात्र स्वतःचे.

आपल्या संतचरित्रांत याची दुसरी बाजू आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते. ही कथा आपल्या मुलांना आपण फार आवडीने सांगतो. परंतु खते बुडविण्याचा अधिकार धनकोचा आहे, ऋणकोचा नव्हे, हे सांगावयास बहुधा विसरतो.

देणे फेडण्यास पैसा हवा, आणि ट्वेनजवळ जी एक गोष्ट विकण्यासारखी राहिली होती ती म्हणजे त्याचे प्रत्यक्ष दर्शन व बोलणे. वयाच्या साठीत, मांडीवरच्या काळपुळीतून पुरता न उठलेला, तो १८९५ च्या जुलैत पत्नी व एका मुलीसह जगप्रवासास निघाला. अमेरिका ओलांडून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन असे करीत तो १८९६ च्या जानेवारीत मुंबईस उतरला. खोकल्याने त्यास प्रथम अंथरूणच धरावे लागले. पुढे नॉव्हेल्टी नाट्यगृहात त्याचे व्याख्यान झाले. याच नाट्यगृहात त्याच वर्षीच्या जुलैत ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली; म्हणजे बोलता माणूस आणि मुके चित्र सहा महिन्यांच्या अंतराने एकाच पडद्यापुढे आले. त्याच्या व्याख्यानाचा विषय, गंमत अशी, की नीतिशिक्षण हा होता! लहानपणी चोरलेले कलिंगड कच्चे निघाले तेव्हा आपल्याला पश्चात्ताप होऊन आपण ते मालकास परत केले व त्याला उपदेश करून पिकलेले मागून घेतले, ही गोष्ट तो गंभीर चेहऱ्याने सांगे आणि सभा हसून लोळे. त्या हशाच्या तिकिटांतून न्यू यॉर्कच्या कागदवाल्याचे देणे फिटत होते, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात आले असेल?

मुंबईतला एक प्रसंग त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवला आहे. उतरण्याच्या जागी खोलीची व्यवस्था लावताना एका धिप्पाड युरोपियन व्यवस्थापकाने, चूक काय ती न सांगताच, एका देशी नोकराच्या तोंडात मारली. नोकर मुकाट्याने कामास लागला. ते पाहून ट्वेनला पन्नास वर्षांपूर्वीचे मिसूरीतील आपले गाव आठवले, गुलाम आठवले, आणि त्या काळी हे सर्व आपल्याला किती साहजिक वाटत असे तेही आठवले. विनोदकाराच्या पुस्तकात हा मजकूर अवचित येतो. आम्ही तो वाचला तेव्हा आमच्या मनात आले, की हे देणे कोणाच्याही वहीत नव्हते, आणि तरी या माणसाने ते स्वतःच्या नावे लिहून घेतले.

दौरा १८९६ च्या उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेत संपून तो इंग्लंडास पोहोचला. दोन मुली मागे अमेरिकेत राहिल्या होत्या. त्यांपैकी सूझी, चोवीस वर्षांची, १८ ऑगस्ट रोजी हार्टफर्डच्या घरी मेंदूज्वराने वारली. आई व बहीण त्या वेळी तिच्याकडे जाण्यासाठी समुद्रावर होत्या. बाप इंग्लंडात होता. त्या घरात ते कुटुंब पुन्हा कधी राहिले नाही. कर्तव्याचा हिशेब मांडणाऱ्याने ही रक्कम कोणत्या सदरात लिहावी हे आम्हांस सांगता येत नाही. प्रवासवर्णन १८९७ साली निघाले, आणि १८९८ च्या आरंभी शेवटच्या धनकोस शेवटचा डॉलर पोहोचला.

या सर्वावर एक आक्षेप आहे तो टाळून चालणार नाही. ट्वेनने आपला निश्चय मनात ठेवला नाही; दौऱ्याच्या आरंभीच वर्तमानपत्रांतून जाहीर केला, आणि त्याची गर्दी वाढण्यास त्याचा उपयोगही झाला. उजव्या हाताचे दान डाव्यास कळू नये असे मानणाऱ्यांस हे रुचणार नाही. आमचे म्हणणे असे, की दान आणि देणे यांस एकच नियम लावू नये. दान गुप्त असावे. देण्याचे वचन मात्र उघड असलेले बरे, कारण उघड दिलेल्या वचनातून मागे फिरणे कठीण होते. स्वतःच्या स्वभावावर ज्याचा फारसा भरवसा नाही (आणि यंत्राच्या नादी लागलेल्याने तो ठेवू नये) त्याने चारचौघांस साक्षी ठेवणे हे ढोंग नव्हे. त्याचा स्वभाव किती चंचल होता हे पुढच्याच एका गोष्टीने दिसते. १८९७ साली न्यू यॉर्क हेरल्ड पत्राने त्याच्यासाठी वर्गणी सुरू केली, तेव्हा त्याने प्रथम ती घेण्यास संमती दिली होती! घरच्यांनी कान उघाडणी केल्यावर नाकारली. लोकांना तेवढे नाकारलेलेच स्मरते.

एका बाबतीत मात्र आम्ही त्यास माफी देऊ शकत नाही. पुढे आत्मचरित्र सांगताना त्याने सर्व नुकसानीचे खापर वेब्स्टरवर फोडले. वेब्स्टर अननुभवी होता, गर्विष्ठ झाला होता, हे खरे असेल. पण तो १८८८ सालीच कंपनीबाहेर पडला होता व १८९१ साली मेला होता. मोठमोठी पुस्तके घ्यावयास लावणारा, आणि कंपनीचा पैसा व लक्ष यंत्राकडे ओढणारा, दुसराच होता. कागदवाल्याचे देणे पैशाने फेडणारा हा मनुष्य ज्याचे नाव पाटीसाठी उसने घेतले त्याचे देणे फेडावयास विसरला.

फेड झाल्यावर ट्वेन अमेरिकेचा सर्वांत लाडका पुरुष झाला. बातमीदार त्याच्या दाराशी बसत. १९०६ च्या डिसेंबरात ग्रंथहक्काच्या कायद्याविषयी काँग्रेसच्या समितीपुढे तो ऐन थंडीत पांढराशुभ्र पोशाख घालून गेला, आणि पुढे तो पोशाख हीच त्याची खूण झाली. त्याच्या नावाचे सिगार निघाले. १९०८ साली ‘मार्क ट्वेन कंपनी’ रीतसर नोंदविली गेली. पूर्वी नाव लपवून कंपनी काढली होती, आता नावाचीच कंपनी झाली. नाव ही एकदा जिंदगी ठरली म्हणजे ती सांभाळावीही लागते. तो भित्रा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. फिलिपाइन्स व चीन येथील साम्राज्यविस्तारावर त्याने १९०१ साली उघडपणे कोरडे ओढले, आणि साम्राज्यविरोधी संघाचा तो मरेपर्यंत उपाध्यक्ष होता. परंतु १९०५ साली त्याने ‘युद्धप्रार्थना’ नावाचा एक लहानसा लेख लिहिला. देवळात विजयाची प्रार्थना करणारे लोक न बोलता आणखी कशाची प्रार्थना करीत असतात, ते त्यात एक अनोळखी म्हातारा येऊन सांगतो. हार्पर संस्थेच्या स्त्रियांच्या मासिकाने तो आपल्या वाचकांस योग्य नाही म्हणून परत केला. सर्व लेखन हार्परकडेच द्यावयाचे असा त्याचा करार होता, तेव्हा तो दुसरीकडे देता येईना. ज्याने स्वतःच्या हक्कांसाठी प्रकाशक व्हावयाचे धाडस केले होते, त्याने या वेळी करार मोडण्याचे किंवा बदलून घेण्याचे मनावर घेतले नाही. कागद खणात ठेवून दिला. २१ एप्रिल १९१० रोजी तो वारला. वाचकांचे हे देणे १९२३ साली छापून पुरे झाले. त्या वेळी तेरा वर्षे उलटली होती, आणि मधल्या काळात एक महायुद्ध होऊन गेले होते.